मौनाचाही हिस्सा

चातुर्मासात एखाद्या श्राविकेचे मासक्षमण पूर्ण होते, तेव्हा तिच्या पारण्याला अवघा संघ लोटतो. ज्यांना एक उपवासही निभावत नाही असे लोकही हात जोडून तपाची अनुमोदना करतात आणि आपल्यालाही त्या पुण्याचा अंश लाभला, या समाधानाने घरी परततात. अनुमोदना हा शब्द जैन घरांत असा मंगल प्रसंगीच कानी पडतो. त्यामुळे त्याच शब्दाला दुसरी बाजू आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. करणे, करविणे आणि अनुमोदणे या तीन मार्गांनी जसे पुण्य बांधले जाते, तसेच पापही बांधले जाते. तपाच्या वाट्याला हात जोडून उभे राहणारे मन पापाच्या वाट्याच्या वेळी मात्र म्हणते, 'मी कोठे काही केले? मी तर घरात होतो.'

'मी तर घरात होतो' या उत्तराची परीक्षा घेणारा एक चित्रपट अर्जेंटिना देशात निर्माण झाला. 'एल क्लान', म्हणजे 'कुळ' किंवा 'घराणे', हे त्याचे नाव. भाषा स्पॅनिश, दिग्दर्शक पाब्लो त्रापेरो. २०१५ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्रापेरो यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचा 'रौप्य सिंह' मिळाला आणि पुढील वर्षी स्पेनच्या गोया पुरस्कारांमध्ये इबेरो-अमेरिकन चित्रपटाचा मानही या कलाकृतीला लाभला. विषय खंडणीसाठी केलेल्या अपहरणांचा आहे. कथा कल्पित नाही. ब्यूनॉस आयर्सच्या उत्तरेस असलेल्या सान इसिद्रो या सुखवस्तू उपनगरात १९८२ ते १९८५ या काळात हे घडले आणि त्याचा निवाडा तेथील न्यायालयांनी केला.

एक प्रतिष्ठित घर

आर्किमेदेस पुचिओ हा त्या घराचा कर्ता पुरुष. शिक्षणाने लेखापाल, पूर्वी परराष्ट्र सेवेत काही काळ काम केलेला. पत्नी शाळेत शिक्षिका. तीन मुलगे, दोन मुली. थोरला मुलगा आलेहांद्रो रग्बीपटू होता. सान इसिद्रोच्या नामांकित क्लबकडून तो खेळे आणि 'लोस पूमास' या राष्ट्रीय संघातही त्याने स्थान मिळवले होते. अर्जेंटिनात रग्बी हा सधन, जुन्या घराण्यांचा खेळ. त्यामुळे आलेहांद्रोच्या ओळखी आपोआपच श्रीमंत व्यापारी घरांतील तरुणांशी होत्या. शेजाऱ्यांच्या आठवणीत वडील राहिले ते एका वेगळ्याच कारणाने: हा गृहस्थ हातात झाडू घेऊन आपल्या घरापुढचा पदपथ पुन्हा पुन्हा झाडत असे.

याच घरात माणसे डांबून ठेवली जात होती. जुलै १९८२ मध्ये सुपरमार्केटचा व्यवसाय असलेल्या कुटुंबातील एक तरुण पळवला गेला. त्याच्या कुटुंबाने अडीच लाख डॉलर मोजले. तरीही त्याला ठार मारण्यात आले. मे १९८३ मध्ये एका तरुण अभियंत्याचे अपहरण झाले. तेथेही खंडणी दिली गेली, तेथेही माणूस परतला नाही. त्याचे अवशेष चार वर्षांनी, १९८७ साली सापडले. जून १९८४ मध्ये तयार कपड्यांच्या दुकानांचा मालक असलेल्या व्यापाऱ्याला गाठले. त्याने प्रतिकार केला आणि तो जागीच मारला गेला. जुलै १९८५ मध्ये एका उद्योजक महिलेला पळवून घराच्या तळघरात एक महिन्याहून अधिक काळ कोंडले. २३ ऑगस्ट १९८५ रोजी पोलिसांनी तिची सुटका केली आणि तेव्हा कोठे सान इसिद्रोला कळले की, त्या स्वच्छ पदपथामागील घरात काय चालले होते. टोळीत बाहेरचे साथीदारही होते. त्यांपैकी एक तर सेनेतून निवृत्त झालेला कर्नल होता.

बळी पडलेले सर्वजण व्यापारी-उद्योजक वर्गातील होते. गुन्हेगाराकडे त्यांची माहिती होती ती गुप्तहेरांकडून नव्हे. ती ओळखीतून, क्लबातून, मुलाच्या मैत्रीतून आलेली होती. पहिल्या अपहरणाच्या वेळी तरुणाने आपली मोटार थांबवली, कारण थांबण्याची खूण करणारा चेहरा परिचयाचा होता.

काळ आणि चलन

एका सुशिक्षित माणसाला असे काही सुचावे आणि तीन वर्षे पचावे, याला त्या देशाचा काळही कारणीभूत होता. १९७६ ते १९८३ अर्जेंटिनात लष्करी राजवट होती. विरोधकांना रात्री घरातून उचलून नेणे आणि नंतर त्यांचा ठावठिकाणाच लागू न देणे, ही राज्यकारभाराचीच पद्धत झाली होती. १९८२ मध्ये ब्रिटनशी झालेल्या बेटांच्या युद्धात पराभव झाला आणि राजवट कोसळू लागली. डिसेंबर १९८३ मध्ये राउल आल्फोन्सिन हे लोकनियुक्त अध्यक्ष झाले. लेखक एर्नेस्तो साबातो यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने १९८४ मध्ये बेपत्ता झालेल्या जवळजवळ नऊ हजार व्यक्तींची नोंद केली. चित्रपटात आर्किमेदेसचा संबंध जुन्या राजवटीच्या गुप्तचर यंत्रणेशी दाखवला आहे. राज्यासाठी जे शिकला, ते त्याने पुढे खासगी धंदा म्हणून चालवले. ओळखीचे अधिकारी डोळेझाक करतील, हा त्याचा भरवसा होता. लोकशाही आल्यावर ते संरक्षण हळूहळू विरत गेले. तो मात्र थांबला नाही.

पैशाची बाजूही पाहण्यासारखी आहे. खंडणी डॉलरमध्ये का मागितली गेली? अर्जेंटिनात त्या वर्षांत महागाईचा वार्षिक दर शेकड्यांत मोजला जाई. जून १९८३ मध्ये दहा हजार जुन्या पेसोंचा एक नवा पेसो करण्यात आला. अवघ्या दोन वर्षांनी, जून १९८५ मध्ये, त्या नव्या पेसोंपैकी एक हजारांचा एक 'ऑस्ट्रल' झाला. ज्या चलनाची शून्ये दर दोन वर्षांनी पुसली जातात, त्यात कोणी बचत करीत नाही. सधन कुटुंबे डॉलर जवळ बाळगत, आणि हे सर्वांना ठाऊक असे. खंडणीखोरासाठी याहून सोयीचे काय असणार? घरात रोकड आहे, ती परकीय चलनात आहे आणि तिची वाच्यता करण्यास मालक स्वतःच संकोचतो.

चित्रपटात पुढे या पैशाचे काय होते, तेही थोडक्यात दिसते. बाप मुलाच्या हाती नोटांची जाडजूड पुडकी ठेवतो. घराला लागूनच आलेहांद्रोचे खेळाच्या साहित्याचे दुकान थाटले जाते. उद्घाटनाला मित्र येतात, अभिनंदन करतात. दुकानात खरा माल आहे, खरे गिऱ्हाईक आहे, खरी पावती फाडली जाते. भांडवलाच्या रकान्यासमोर मात्र खरे नाव लिहिता येत नाही. हिशेब जाणणाऱ्या वाचकाला हा प्रसंग कोणत्याही हाणामारीपेक्षा अधिक अस्वस्थ करील.

जिन्यावरचे ताट

त्रापेरो यांनी हा चित्रपट तणावपूर्ण केला आहे, पण तो तणाव पाठलागांतून आलेला नाही. तो घरातल्या घरात निर्माण होतो. एक दृश्य तर विसरता येत नाही. स्वयंपाकघरात रात्रीच्या जेवणाची तयारी चालली आहे. आर्किमेदेस ताट उचलतो, घरातून चालत जातो, जिना चढतो, वाटेत मुलांशी नेहमीच्या सुरात बोलतो. कोणत्याही घरात दर संध्याकाळी दिसावे असे हे चित्र. मग तो एक दार उघडतो. आत न्हाणीघर आहे. तेथे साखळीने बांधलेला, चेहरा झाकलेला तरुण पडलेला आहे. कॅमेरा मध्ये कोठेही थांबत नाही. स्वयंपाकघर आणि ते दार यांच्यात केवळ काही पावलांचे अंतर आहे, हे दिग्दर्शक प्रेक्षकाला प्रत्यक्ष चालवून दाखवतो.

आर्किमेदेसची भूमिका गिलेर्मो फ्रांचेला यांनी केली आहे. अर्जेंटिनात ते विनोदी नट म्हणून लोकप्रिय; येथे मात्र त्यांनी हास्याचा मागमूस ठेवलेला नाही. हा माणूस आवाज चढवत नाही. सार्वजनिक दूरध्वनीवरून तो ओलिसाच्या वडिलांशी बोलतो, तेव्हा एखादा मालाचा सौदा ठरवत असल्यासारखा संथ, स्पष्ट बोलतो. घरी येऊन मुलीच्या अभ्यासाकडे लक्ष देतो. त्याला स्वतःच्या वागण्यात विसंगती दिसत नाही, कारण त्याच्या मते तो हे सर्व कुटुंबासाठी करतो आहे. पीटर लान्सानी यांचा आलेहांद्रो याच वाक्याच्या ओझ्याखाली दबलेला आहे. पहिल्या वेळी त्याची समजूत अशी की, पैसे मिळाले की मित्राला सोडतील. मित्र मारला जातो. तरीही तो दुसऱ्या दिवशी सरावाला जातो, संघातील खेळाडूंबरोबर शोक करतो आणि घरी परत येतो. मध्ये एकदा तो माघार घेतो. तेव्हा बाप त्याच्यावर कामातील अपयशाचा दोष टाकतो आणि घराने त्याच्यासाठी काय काय केले, याची आठवण देतो. बापाने जुळवलेल्या या फासात प्रेम आणि उपकार हेच दोर आहेत.

दुसरा मुलगा परदेशातून परत येतो आणि धंद्यात सामील होतो. तिसऱ्याच्या कानी वरच्या खोलीतला आक्रोश पडतो. तो थोरल्या भावाशी बोलून पाहतो. त्यातून काही निष्पन्न होत नाही. मग संघाबरोबर परदेशी दौऱ्यावर जाण्याची संधी मिळताच तो जातो आणि परत येत नाही. आई स्वयंपाक करते, घर चालवते. मुली शाळा-महाविद्यालयात जातात. गाण्यांचा आवाज मोठा ठेवलेला असतो.

प्रत्यक्ष खटल्यात घरातील स्त्रियांना काय ठाऊक होते, हे सिद्ध झाले नाही. आईला अटक झाली होती. पुराव्याअभावी तिची सुटका झाली. कायद्याने जे सिद्ध झाले नाही, ते कोणी लेखणीने सिद्ध करू नये. म्हणून पुढील विचार त्या व्यक्तींविषयी नसून चित्रपटात उभ्या केलेल्या घराविषयी आहे, आणि अशा प्रत्येक घराविषयी आहे.

अनुमतीचे तीन प्रकार

श्रावकाच्या अहिंसा अणुव्रताला जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांतील पहिलाच 'बंध' हा आहे: जीवाला बांधून, कोंडून ठेवणे. शेवटचा 'अन्नपाननिरोध', म्हणजे त्याचे अन्नपाणी तोडणे. आर्किमेदेस ओलिसाला जेवण देतो. तेवढ्याने त्याला आपण क्रूर नाही असे वाटत असावे. शास्त्रकारांनी बंधाला स्वतंत्र आणि पहिले स्थान दिले, याचा अर्थ येथे नीट कळतो. ताटात वाढलेले अन्न पायातल्या साखळीची फेड करीत नाही. अचौर्य व्रताच्या अतिचारांतही दोन गोष्टी लक्षणीय आहेत. चोराला प्रवृत्त करणे हा एक. आणि चोराने आणलेली वस्तू घेणे, ज्याला 'तदाहृतादान' म्हणतात, तो दुसरा. वस्तू कोणी आणली हे जाणूनही ती घरात ठेवणारा स्वतः चोरीला गेलेला नसतो. तरी त्याच्या व्रताला डाग लागतो.

याहून सूक्ष्म विचार अनुमतीच्या संदर्भात केलेला आहे. साधू नवकोटी प्रत्याख्यान करतात: मन, वचन, काया या तीन योगांनी पाप करणार नाही, करविणार नाही, अनुमोदणार नाही. श्रावक मात्र बहुधा 'दोन करण, तीन योग' अशी मर्यादा घेतो. करणार नाही आणि करविणार नाही, एवढेच तो म्हणतो. अनुमोदनेचा त्याग त्याच्याकडून मागितला जात नाही. ही सवलत का? कारण गृहस्थ एकत्र घरात राहतो. मुलाने आरंभ-समारंभ केला, नोकराने केला, तर त्याचे फळ घरातील सर्वांच्या ताटात येते. ते पूर्णपणे टाळायचे तर घरच सोडावे लागेल. शास्त्रकारांना गृहस्थाची अडचण कळत होती.

परंतु सवलत दिली म्हणून त्यांनी तो प्रांत अंधारात सोडला नाही. कर्मसाहित्यात अनुमतीचे तीन प्रकार वेगळे करून दाखवले आहेत. पहिली प्रतिसेवन अनुमती: दुसऱ्याने केलेल्या पापाची प्रशंसा करणे किंवा त्यातून आलेल्या फळाचा उपभोग घेणे. दुसरी प्रतिश्रवण अनुमती: घरातील माणसाचे पाप कानावर आले असता त्याला संमती देणे, निषेध न करणे. तिसरी संवास अनुमती: ना उपभोग, ना संमती, केवळ पाप करणाऱ्या आप्तांविषयी ममत्व ठेवून त्यांच्या सहवासात राहणे. ज्या श्रावकाची केवळ ही तिसरीच अनुमती उरली आहे, तो देशविरतीच्या सर्वांत वरच्या पायरीवर मानला गेला आहे.

या कसोटीवर पुचिओंचे घर पाहिले, तर चित्रपटातील प्रत्येक पात्राचे स्थान स्पष्ट होते. बाप करणारा आणि करविणारा. थोरला मुलगा करणाऱ्यांत मोडतो. आपण केवळ मोटार थांबवली, ही त्याची सबब टिकत नाही. दुकान, कपडे, सहली यांचा उपभोग घेणारे सर्व प्रतिसेवनाचे भागीदार. ज्याने आक्रोश ऐकला आणि आवाज वाढवला, तो प्रतिश्रवणाचा. शाळेत जाणारी सर्वांत धाकटी मुलगी, जिला या घराखेरीज दुसरे घर नाही, ती केवळ संवासात आहे. तिच्याविषयी मनात करुणाच यावी. तिसऱ्या मुलाने संवासही तोडला. तो पोलिसांकडे गेला नाही, असे कोणी म्हणेल. ते वय, तो बाप, आणि ज्या काळात पोलीस आणि पळवणारे यांच्यातील रेषाच पुसट झाली होती तो काळ पाहता त्याला दोष देणे सोपे नाही. पण त्याने जे केले तेही अर्धेच होते, हे खरे. तो गेल्याने त्याचे स्वतःचे ताट शुद्ध झाले. वरच्या खोलीतील माणूस तेथेच राहिला.

प्रतिश्रवण या शब्दाचे महत्त्व येथे आहे. उपभोग टाळणे हे वैयक्तिक शौच होय. निषेध केल्याने मात्र दुसऱ्या जीवाचे प्राण वाचू शकतात. त्या घरात सातपैकी एकानेही जेवणाच्या मेजावर मोठ्याने 'हे थांबवा' म्हटले असते, तर बापाला ते कुटुंबासाठी करतो आहे असे म्हणता आले नसते. त्याचा सारा आधार त्या मौनावर उभा होता.

'कुटुंबासाठी' केलेल्याचा शेवट

१९८५ च्या ऑगस्टमध्ये खंडणी घेण्याच्या प्रयत्नात बाप पकडला गेला आणि घर उघडे पडले. त्याच वर्षी न्यायालयाच्या इमारतीत नेले जात असताना आलेहांद्रोने वरच्या मजल्यावरून उडी घेतली. तो वाचला. पुढे बापलेकांना जन्मठेप झाली. आलेहांद्रो आपण निर्दोष असल्याचे सांगत राहिला. २००८ साली, पन्नाशीही न गाठता तो मरण पावला. बापाने तुरुंगात कायद्याची पदवी मिळवली, अखेरपर्यंत गुन्हा नाकारला आणि २०१३ मध्ये राजधानीपासून दूर, ला पांपा प्रांतात त्याचे निधन झाले. त्याचा मृतदेह ताब्यात घेण्यास घरचे कोणी आले नाही. ज्याने आयुष्यभर 'हे सर्व कुटुंबासाठी' असे म्हटले, त्याच्या अंत्यविधीला कुटुंब नव्हते. एवढा चोख हिशेब कोणत्याही न्यायालयाने मांडला नसता.

व्यापारी घरांसाठी

या कथेकडे व्यापारी कुटुंबाने दोन अंगांनी पाहावे. एक अंग सावधगिरीचे. महाराष्ट्राला खंडणीचा विषय परका नाही. १९९० च्या दशकात मुंबईतील व्यापारी, बांधकाम व्यावसायिक आणि चित्रपटसृष्टीतील लोक धमकीच्या दूरध्वनींनी त्रस्त झाले होते; संघटित गुन्हेगारीविरुद्धचा 'मोक्का' हा कायदा १९९९ साली याच पार्श्वभूमीवर आला. खंडणीसाठी अपहरण या गुन्ह्याला आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १४० अन्वये मृत्युदंड किंवा जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आहे. कायदा कडक आहे, पण तो कामाला लागण्यासाठी कोणीतरी सांगावे लागते. सान इसिद्रोतील दोन कुटुंबांनी रक्कम मोजली आणि त्यांची माणसे परतली नाहीत. जी एक परतली, ती पोलिसांच्या कारवाईमुळे परतली. ओळखीच्या गुन्हेगाराला पैसे मिळाल्यानंतर ओलीस जिवंत ठेवण्यात धोकाच वाटतो, हे कटू सत्य आहे. म्हणून धमकी आली, तर ती घरात दडपू नये. रोकड किती, कोठे, मुलगा कोणत्या वाटेने येतो-जातो, नवा बंगला कितीला पडला, या गोष्टी लग्नसमारंभात आणि क्लबात बोलण्याच्या नाहीत, हेही तरुण पिढीने ध्यानी घ्यावे. अपरिग्रहाचे व्रत घेता आले नाही, तरी परिग्रहाचे प्रदर्शन टाळणे प्रत्येकाला शक्य आहे.

दुसरे अंग अधिक जवळचे आहे. कोणत्याही सुसंस्कृत घराच्या न्हाणीघरात माणूस बांधलेला नसतो. पण घराच्या ताटापर्यंत पोहोचणाऱ्या पैशाच्या मागे दुसऱ्याचे काही अडकवलेले असू शकते. माल न देता फाडलेले बिल, वजनाच्या काट्यात ठेवलेली तोळाभर लबाडी, भेसळ, एखाद्या लहान पुरवठादाराचे महिनोन्महिने रोखलेले देणे, ज्यामुळे त्याच्या घरी चूल थंडावते, विधवा भावजयीचा वाटा, जो 'नंतर पाहू' म्हणून तसाच राहिला आहे. हे सर्व घरातील एखाद-दोघांना ठाऊक असते, आणि बाकीच्यांना ठाऊक नसल्याची सोय असते. शेठजी कुटुंबासाठी करतात, असे म्हटले की प्रश्न संपतो. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात मार्गानुसारी गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले, त्यांत पहिला मान 'न्यायसंपन्न विभव' या गुणाला दिला. दान, पूजा, अतिथिसत्कार यांची गणना त्याच्या नंतर येते. धन न्यायाने आलेले नसेल, तर त्यातून बांधलेली धर्मशाळा हीसुद्धा कोणाच्या तरी साखळीची कडी ठरते.

हा गुण केवळ कर्त्या पुरुषाने जपायचा नाही. गृहिणीला पतीच्या धंद्याची ढोबळ माहिती असणे, मुलाने पेढीवर बसण्यापूर्वी जुन्या वह्या डोळ्यांखालून घालणे, सुनेने विचारलेल्या प्रश्नाला उद्धटपणा न मानणे, या साध्या गोष्टींनी घर सुरक्षित राहते. विनय हा जैन संस्काराचा मोठा अलंकार खरा. पण विनयाचा अर्थ वडिलांच्या पापाकडे पाठ फिरवणे असा कोणत्याही आचार्यांनी सांगितलेला नाही. नम्रपणे, दार लावून, एकांतात, पण स्पष्ट शब्दांत 'बाबा, हे पैसे आपले नव्हेत' असे म्हणणारा मुलगा वडिलांचा अपमान करीत नाही. तो त्यांना आलेहांद्रोच्या बापाच्या गतीपासून वाचवतो.

चित्रपट सुमारे पावणेदोन तासांचा आहे. त्यातील काही दृश्ये प्रौढांसाठीच आहेत. लहान मुलांसह तो पाहू नये. मोठ्या मुलांबरोबर, विशेषतः धंद्यात नुकत्याच पडलेल्या मुलांबरोबर मात्र तो पाहून नंतर त्याविषयी बोलण्यासारखा आहे. पुढील संवत्सरीला प्रतिक्रमणात करणे, करविणे आणि अनुमोदणे यांचा उच्चार होईल, तेव्हा पहिल्या दोन शब्दांवर मन सहज पुढे सरकेल, कारण बहुतेकांनी तसे काही केलेले नसते. तिसऱ्या शब्दापाशी मात्र थोडे थांबावे. गेल्या वर्षभरात घरात काय काय आले, ते कोठून आले, आणि जे ऐकू येऊनही ऐकले नाही ते काय होते, याचा विचार तेथे करावा. ज्याच्याविषयी तो विचार करताना जीभ अडखळेल, त्या माणसाचे देणे दुसऱ्याच दिवशी चुकते करावे. क्षमापनेचे पत्र त्यानंतर पाठवावे.